पेटीवरून कीबोर्डकडे येताना: मेजर सिक्स्थ कॉर्ड

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत पियानो कुठला? भजनी मंडळाची पेटी असते आणि आता पोरांच्या हाती कीबोर्ड आलाय. मीही पेटीवरूनच इकडे आलो. या वाटेने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की मेजर सिक्स्थ कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकत्र दाबायचे सूर) बिचकू नका, तिचे सूर तुमच्या कानात आधीच बसलेले आहेत.

पांढरी एकला, म्हणजे सी ला, सा धरा. सा-ग-प झाली सी मेजर. त्यात शुद्ध ध मिसळला की सी सिक्स्थ: सी, ई, जी, ए. सा दुसरीकडे धरलात तर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजायच्या. सा सोडून पुढची चौथी ग, तिथून तिसरी प, तिथून दुसरी ध. उजव्या हाताला अंगठा, तर्जनी, अनामिका, करंगळी ही बोटं सोयीची पडतात.

सप्त्याच्या तयारीत मी हेच सूर सुटे वाजवत होतो, तर मंडळातले काका म्हणाले, "हा तं भूपच हाय ना रे!" बरोबरच होतं. भूप रागाच्या पाच सुरांतला फक्त रे इथे नाही. तोही घातला की सिक्स-नाइन कॉर्ड होते.

आता खरी गंमत. याच चार पट्ट्यांत सर्वांत खाली ए ठेवला की ए मायनर सेव्हन्थ होते. भूप आणि देशकार यांचे सूर तेच, पण भूपात ग वादी (मुख्य सूर), देशकारात ध, आणि राग बदलतो. इथे ते काम खालचा सूर करतो. म्हणून डावा हात महत्त्वाचा. पेटीवर तो भाता मारण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे आपला डावा हात कच्चा राहतो. रोज थोडा वेळ डाव्या हाताने नुसते सा-प धरा आणि उजव्याने ए मायनर (ए, सी, ई) वाजवा. सी सिक्स्थ भरीव वाजते. खालच्या सप्तकात मात्र प-ध जवळजवळ दाबू नका, आवाज गढूळ होतो.

कोमल नी घातलेली सी सेव्हन्थ एफ कडे ओढते, सिक्स्थ जागीच स्थिरावते. त्यामुळे भूपातल्या भजनाच्या शेवटच्या सा वर ती छान बसते. चाल मध्यमावर (म, म्हणजे एफ) थांबत असेल तर तिच्यातला ग टोचतो. तिथे एफ सिक्स्थ घ्या: एफ, ए, सी, डी.