रामटेकला शिकारी पक्षी मोजायला जायचंय? मग आधी घार नीट बघून घ्या

तर राजेहो, नवरात्राच्या सुमारास एका रविवारी रामटेकच्या गडावर बसून स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजायचं ठरलंच आहे तर तयारी आत्तापासून करा. पहिली तयारी पिशवीची नाही, डोळ्यांची. आठवडाभर रोज दहा मिनिटं गच्चीवर जाऊन फक्त आपली नेहमीची घार बघायची, कारण नागपूरच्या आकाशात बारा महिने घारीच घारी, आणि मी पहिल्या वर्षी अर्ध्या तासात 41 "स्थलांतरित गरुड" लिहून मोकळा झालो होतो, सगळ्या घारी निघाल्या बाप्पा. घारीची शेपटी खाचेची असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिने शेपटी पसरली की खाच दिसेनाशी होते आणि तिथेच माणूस फसतो. म्हणून शेपटीपेक्षा चाल बघा, वळताना ती शेपटी कशी मुरडते ते एकदा डोळ्यात बसलं की मग वेगळा कोणी आला तर लगेच खटकतो.

त्यानंतर पाहुण्यांची ओळख. या दिवसांत आधी येतात ते भोवत्या (इंग्रजीत हॅरियर), धानाच्या बांध्यांवरून खालूनच उडतात, पंख जरा वर उचललेले, उथळ व्ही सारखे. दलदली भोवत्याची मादी गडद तपकिरी आणि डोकं साईच्या रंगाचं. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकडे कैकर (मासे पकडणारा ऑस्प्रे) दिसू शकतो, पोट पांढरं, पंख कोपरात वाकलेले, लांबून माणसाला कुरवच (सी-गल) वाटतो. एका जागी फडफडत थांबलेला दिसला की लगेच खरूची (केस्ट्रल, लहान ससाणा) लिहू नका, आपली इथलीच कापशी घार पण तसंच करते. अमूर ससाण्याची आशा आत्ता नको, ते ऑक्टोबरात नागालँडला जमतात आणि आपल्याकडून गेले तर नोव्हेंबरात. 2013 मध्ये तिथल्या तीन ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले होते, तेव्हा कळलं की भारत ओलांडून ते सरळ अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. त्यांच्यासाठी दुसरी चक्कर मारू.

सामान थोडकंच. दुर्बीण 8 बाय 42 (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरे, 10 पटीची हातात थरथरते आणि तासभर वर बघून हात भरून येतात ते वेगळंच. लेन्स पुसायला मऊ कापड, टोपी, गॉगल, आणि सूर्याच्या आसपास दुर्बीण फिरवायचीच नाही, आधी साध्या डोळ्यांनी सूर्य कुठे आहे ते बघून घ्यायचं. मोजायला बोटात घालायचा तो जपाचा काउंटर घ्या, नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सहज मिळतो, झुंड आली की तोंडाने एक दोन तीन म्हणत बसलं तर अर्धे निसटतात. पेन नको, पेन्सिल, कारण परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. पाणी माणशी दोन लिटर, दुपारी ऊन जाम लागतं. खायचं सगळं चेनच्या बॅगेत, गडावरची माकडं पॉलिथिनचा आवाज ओळखतात.

कागदावर रकाने घरूनच आखून आणा. दर तासाला एक ओळ: वेळ, वारा कुठून, ढग किती, बघणारे किती जण, कोणता पक्षी, किती, कुठल्या दिशेला गेला. "ओळखता आला नाही" असा रकाना मोठा ठेवा, तो भरला तर लाज वाटायचं काही कारण नाही, उलट तो रिकामा असलेल्या कागदावर माझा विश्वास बसत नाही. आणि तासभर काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं, ओळ सोडून द्यायची नाही. नेपाळात थूलाखर्कला अन्नपूर्णेसमोरून हजारोंनी गरुड जातात, आपल्याकडे दिवसाचे दहा झाले तरी खूप, पण आपण किती तास बसलो हे लिहिलंच नाही तर त्या दहाला पुढच्या वर्षी कशाशी ताडून बघणार?

निघायचं पहाटे 5 ला, कामठी, कन्हान, मनसर करत साधारण 50 किलोमीटर. भोवत्या आणि ससाणे स्वतःचे पंख मारत सकाळीच निघतात, मोठे गरुड मात्र जमीन तापून गरम हवा वर चढायची वाट बघतात, म्हणजे 9 नंतरच. ते गोल गोल फिरत वर चढत असतात तेव्हा मोजायचे नाहीत, एकच पक्षी तीनदा मोजला जातो, वर पोचून एका दिशेने सरळ निघाले की मगच काउंटर दाबायचा. दुपारी निळ्या आकाशात ठिपका सापडत नाही, पांढऱ्या ढगाच्या कडेने दुर्बीण फिरवा, तिथे दिसतो. दोघांनी बघायचं, एकाने लिहायचं, अर्ध्या तासाने बदली, नाहीतर मान आखडते. भाविकांच्या वाटेत ट्रायपॉड नको.

आणि दरी, म्हणजे बसायची सतरंजी, कोण आणतंय ते आजच सांगा, मागच्या वेळी चौघांनी चार काउंटर आणले होते आणि बसायला एकानेही काही आणलं नव्हतं.