किंजळ फुलताना पेट्या कधी हलवायच्या

गणपती उठले की आगरातल्या मधपेट्या डोंगराकडे न्यायची घाई सुरू होते. पाऊसभर सातेरी माशी (आपली पेटीत पाळायची देशी मधमाशी) किनाऱ्यालगत ठेवणं बरोबरच आहे, नारळ-पोफळीचा पराग तिला बारमाही मिळतो. पण मध साठवायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबरात संगमेश्वर, लांजा, कणकवलीकडे, जिथे किंजळीची झाडं दाट आहेत तिथे जायला हवं.

मात्र कॅलेंडर बघून टेम्पो सांगू नका, झाड बघा. फांद्यांच्या टोकांना तुरे येऊन दहातली एखादी कळी उमलली की निघायचं. डोंगर तांबूस झाला की मग निघणारेही आहेत. तो तांबूस रंग फुलांचा नसतो, किंजळीच्या पंखवाल्या फळांचा असतो. तोवर मकरंद आटोपलेला असतो. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या फुलांनाही भुलू नका. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते उगाच नाही. सड्यावर डोळ्यांची चैन होते, सुपर (पेटीचा वरचा मधाचा कप्पा) भरत नाही. शिवाय उघड्यावर वारा फार, त्यामुळे पेट्या कडेच्या झाडोऱ्यातच बऱ्या.

खरी तयारी त्याच्या कितीतरी आधीची. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला साधारण 20 दिवस लागतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे ती पेटीतलीच कामं करते. म्हणजे किंजळीवर जाणारी माशी सुमारे 40 दिवस आधी अंड्यात असायला हवी. त्यासाठी श्रावणातच साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक एक दिवसाआड, थोडा थोडा, संध्याकाळी आणि पेटीच्या आतच द्यायचा. दिवसा सांडला तर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लुटालूट सुरू होते. हे राहून गेलं असेल तर कमजोर पेट्या नेऊन भाड्याचे पैसे घालवू नका. दोन पेट्यांतली एक राणी काढा, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला आणि त्या एकत्र करा. सुपर चढवायच्या आधी पाक बंद, नाहीतर मधात साखर जाते.

हलवताना भरलेल्या मधाच्या चौकटी आधी काढून घ्या. जड पोळी घाटातल्या वळणांवर तुटतात आणि त्याखाली माश्या चिरडतात. तिन्हीसांजेला माश्या आत आल्या की दार जाळीने बंद करायचं, वरूनही हवा खेळती ठेवायची. टेम्पोत चौकटी गाडीच्या दिशेला समांतर लावा. वाटेत चहाला थांबलात तर जास्त वेळ नको, गाडी उभी राहिली की पेट्या तापतात. उजाडायच्या आत उतरवून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा (डोंगळे पहिल्याच रात्री येतात), माश्या शांत झाल्या की दार उघडा आणि समोर थोडं गवत टाका, म्हणजे त्या नवी जागा हेरून मगच लांब जातात. नवी जागा तीन किलोमीटरच्या आत असेल तर बऱ्याच माश्या जुन्या ठिकाणी परततात.

आठवडाभराने वरचं झाकण उचलून बघा. चौकटींच्या वरच्या कडेला ताजं पांढरंशुभ्र मेण दिसलं की मकरंद येतोय, सुपर चढवा. दुपारच्या गडगडाटी सरी दोन-चार दिवस सलग आल्या तर मकरंद धुतला जातो आणि पेटी हलकी पडते. तेव्हा उगाच उघडझाप नको. सातेरी नाराज झाली की सगळं सोडून उडून जाते. याच दिवसांत गांधीलमाश्यांचा जोर असतो, म्हणून दार अरुंद करा. तीन-चतुर्थांश पोळं मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नका, इथल्या दमट हवेत कच्चा मध आंबतो.

शेजारच्या भातात लष्करी अळीवर फवारणी कधी आहे, हे आधीच विचारून ठेवा. फवारणी संध्याकाळी करायला सांगा.

तुमच्या डोंगरावर यंदा कारवी (डोंगरउतारावरचं झुडूप) फुलायची पाळी असेल तर किंजळ बाजूला ठेवा आणि तिकडेच जा. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, पण प्रत्येक डोंगराचं वर्ष सारखं नसतं. गेल्या खेपेला कधी फुलली होती ते गावातल्या गुराख्यांना विचारा.

नोव्हेंबरअखेर किंजळ संपते. पुढचा मुक्काम काजूत करायचा तर मालकाने ढेकण्या या किडीवरच्या फवारण्या कधी धरल्यात ते ऐकून घ्या. हापूसच्या बागेला लागून पेट्या मात्र ठेवू नका, मोहोरावर तुडतुड्यांचं औषध मारायचे दिवस तेच असतात.