व्यासपीठावरचा समुपदेशक : या चुका टाळा

10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन 1992 पासून पाळला जातो, आणि तो जवळ आला की नाशिकमध्ये महाविद्यालयांपासून ज्येष्ठ नागरिक संघांपर्यंत आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांनाच वक्ता हवा असतो. गेली अठरा वर्षे मी समुपदेशन करते आणि जमेल तेव्हा नव्या समुपदेशकांची भाषणे शेवटच्या रांगेत बसून ऐकते. भाषणे बदलतात, चुका मात्र त्याच असतात.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे क्लायंटची गोष्ट सांगणे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातील एका कार्यक्रमात मी एका द्राक्षबागायतदाराविषयी बोलले. नाव बदलले, गाव बदलले आणि तेवढ्याने गोपनीयता राखली गेली असे मानले. पण गारपिटीत बाग झोपली, त्याच वर्षी थोरल्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले आणि त्यानंतर त्यांनी बागेकडे फिरकणेच सोडले, हा क्रम मी जसाच्या तसा ठेवला, कारण गोष्ट त्यामुळेच रंगत होती. चहाच्या वेळी एक बाई कपबशी सावरत जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आमच्या नाना भाऊजींचंच सांगत होतात ना? आता बरे आहेत का ते?" मी "नाही हो" म्हणाले, आणि ते खोटे आहे हे आम्हा दोघींनाही कळले. पुढच्या मंगळवारी नाना आले नाहीत, आणि नंतरही कधी आले नाहीत.

कोणत्या साली कोणाची बाग गेली, हे द्राक्षपट्ट्यात पंचक्रोशीला पाठ असते. तिथे नाव बदलून माणूस लपत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 23 गोपनीयतेचा हक्क देते, हे मला तेव्हाही ठाऊक असायला हवे होते. लेखी परवानगी घेतली की झाले, असा एक सोपा मार्ग सुचवला जातो, पण तो मला पटत नाही, कारण ज्याच्यासमोर आपण रडलो त्या माणसाला "नको" म्हणणे फार जड जाते. आता मी कोणत्याही क्लायंटची, अगदी उपचार संपलेल्याचीही, गोष्ट सांगत नाही. उदाहरण लागलेच तर ते रचलेले आहे असे आधी सांगून टाकते. त्याने भाषणाची धार जाते, अशी तरुण सहकाऱ्यांची तक्रार असते, जाऊ द्यावी.

दुसरी चूक अलीकडची आहे आणि ती "ऑथेंटिक" या शब्दाच्या आडोशाने होते. कॉलेज रोडवरील एका सभागृहात एका होतकरू समुपदेशिकेने विषय बाजूला ठेवून स्वतःच्या नैराश्याची हकीकत सुरू केली. तिचा घटस्फोट होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. तिसऱ्या मिनिटाला तिचा कंठ दाटला, पहिल्या रांगेतल्या आजींनी उठून तिला पाणी दिले, आणि उरलेला अर्धा तास शंभर माणसे तिला सांभाळत होती. मदत कुठे मिळते, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. भाषणानंतर तिने मला समाधानाने सांगितले, "ताई, आज मी खरी बोलले." ती खरी बोलली होती, यात शंकाच नाही, पण ऐकायला आलेल्यांना त्या खरेपणाचा उपयोग काय झाला, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

उपचारकाच्या सच्चेपणाची कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 मध्ये मांडली, तेव्हाही आपल्या भावना समोरच्यापुढे ओतून टाकणे त्यांना अभिप्रेत नव्हते. स्वतःबद्दल समोरच्याची फसवणूक करू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. म्हणून मी माझ्या सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबरच्या माझ्या बैठकीत, बोलून झालेली गोष्टच व्यासपीठावर नेते, तीही घड्याळ लावून दीड मिनिटात. घरी सांगून पाहताना आवाज हलला, तर ती गोष्ट त्या वर्षी राहू देते. थांबणे हे नव्या मंडळींना जमत नाही, कारण रील मात्र आजच टाकायची असते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. सूत्रसंचालकाने तुम्हाला "डॉक्टर" म्हटले आणि तुम्ही नसाल, तर माइक हाती येताच ते दुरुस्त करावे. खरेपणाची सुरुवात तिथूनच होते. आत्महत्येची पद्धत कधीही वर्णन करू नये. येरवड्याच्या नावाने विनोद करून हशा मिळवू नये. दिंडोरीच्या बचत गटात "ट्रॉमा" आणि "बाउंड्री" हे शब्द चालत नाहीत. तिथे "जीव घाबरा होतो" आणि "डोकं भणभणतं" असे म्हटले जाते, आणि आपणही तसेच म्हणावे. प्रश्नोत्तरांत कोणाचेही निदान करू नये आणि गोळ्या बंद करण्याविषयी बोलू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक फळ्यावर लिहावा, नुसता उच्चारू नये, कारण ऐकलेला क्रमांक दारापर्यंतही टिकत नाही.

भाषण संपताच रिक्षा पकडणे हीदेखील चूकच आहे. मी अर्धा तास मंचाच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन बसून राहते. सेल्फीवाले आधी येतात. ज्यांना खरोखर बोलायचे असते, ती माणसे खुर्च्या एकावर एक रचल्या जात असताना येतात आणि पर्सची चेन उघडत-मिटत म्हणतात, "माझ्या एका मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं." अशा वेळी "म्हणजे तुमच्याबद्दलच ना?" असे चतुराईने विचारणारे वक्ते मी पाहिले आहेत. मी मैत्रिणीची झोप कशी आहे ते विचारते, आणि चिठ्ठीवर क्रमांक लिहून "तिला द्या" म्हणते.