ताल्मुदातला होरा कसा काढायचा

पाचपाखाडीत आमच्या शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, मावशी राहायच्या. शुक्रवारी सूर्य टेकायच्या आत दिवे लावून म्हणायच्या, "आमचा शनिवार आला गं." मी पंचांग बघणारी, माझा शनिवार दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला. होरा म्हणजे दिवसाचा एकेका ग्रहाच्या ताब्यातला भाग; तो काढताना हा फरक आधी मनात धरा.

ताल्मुद हा ज्यूंचा धर्मग्रंथ. त्याच्या 'शब्बात' या भागात, १५६ व्या पानावर, जन्माच्या तासावरून फळं सांगितली आहेत. ग्रहांचा क्रम आपल्या होऱ्याचाच: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, पुन्हा शनी. हिब्रूत शनी म्हणजे शब्बताई, नाव शब्बाथवरूनच, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसावरून आलेलं. मावशींच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा त्याच दिवशी बंद असे, म्हणून कोकणात त्यांना शनिवारतेली म्हणत.

दिवसाचे बारा सारखे भाग करा, रात्रीचेही बारा. घड्याळाचा तास धरू नका; डिसेंबरात ठाण्यात दिवसाचा भाग साधारण पंचावन्न मिनिटांचाच भरतो. सकाळचा पहिला भाग वाराच्या ग्रहाचा. सूर्यास्तानंतरचा पहिला भाग त्या ग्रहाच्या पुढे क्रमाने पाचव्याचा. माझा जन्म मंगळवारी दिवेलागणीनंतर लगेचचा. मंगळापुढे रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी. मावशींच्या हिशेबात तेव्हा बुधवार लागलेला, पण ग्रह दोघींचा शनीच.

आता फळ. बुधाच्या होऱ्यातला माणूस बुद्धिमान, कारण बुध सूर्याचा लेखनिक. मंगळाचा रक्त सांडणारा. पण रब्बी (ज्यू धर्मपंडित) आशी म्हणतात, तो रक्त काढून उपचार करणारा असेल, चोर असेल, खाटीक असेल किंवा सुंता करणारा. एका ग्रहाचे चार धंदे! म्हणून फळ सांगताना सगळ्या वाटा सांगा. शनीचं तसंच: याचे बेत फसतात, आणि लगेच पुढे, काहींच्या मते, इतरांनी याच्याविरुद्ध केलेले बेत फसतात. मी वहीत दोन्ही वाक्यं लिहून ठेवलीत.

एवढ्यावर पान मिटू नका. रब्बी हनिना म्हणतात, इस्रायललाही, म्हणजे ज्यू लोकांनाही, ग्रहयोग लागू आहे. रब्बी योहानान म्हणतात, नाही. मग येते रब्बी अकिवांच्या मुलीची गोष्ट. लग्नाच्या दिवशी तिला साप डसेल असं खाल्डी ज्योतिषांनी सांगितलं होतं. त्या रात्री तिने केसातला आकडा काढून भिंतीत खोचला, तो नेमका सापाच्या डोळ्यात. वडिलांनी विचारलं, काय केलंस? संध्याकाळी दाराशी भिकारी आला होता, मेजवानीच्या गडबडीत कुणाला ऐकू गेलं नाही. तिने आपलं ताट त्याला दिलं होतं.

कुणी घाबरून पत्रिका घेऊन आलं की मी आधी ही गोष्ट सांगते, मग होरा काढते.