सात टक्क्यांचा चढ आणि अवजड ट्रेलर : डिझेल पिकअपची तुलना कशी करावी

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आय-७० हा महामार्ग डिलनजवळून आयझेनहॉवर बोगद्याकडे सुमारे ७ टक्क्यांचा चढ चढतो आणि बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी ११,१५८ फुटांवर, म्हणजे सुमारे ३,४०० मीटर उंचीवर पोहोचतो. घोड्यांचा, यंत्रसामग्रीचा किंवा राहण्याच्या सोयीचा मोठा ट्रेलर घेऊन ज्यांना असा रस्ता वारंवार ओलांडायचा आहे, त्यांनी पिकअप निवडताना जाहिरातीतील टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या, आकड्यावर विसंबून राहू नये. चढावर गाडी किती वेगाने जाईल हे चाकांपर्यंत पोहोचणारी अश्वशक्ती ठरवते, आणि गाडी कुटुंबासाठी सुरक्षित आहे की नाही हे मुख्यतः उतारावर ठरते. तुलनेची मांडणी याच दोन गोष्टींभोवती करावी.

सुरुवात ट्रकपासून न करता ट्रेलरपासून करावी. ट्रेलर पाणी, सामान आणि जनावरांसह भरून वजनकाट्यावर न्यावा. महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवर असे काटे सहज मिळतात. गूजनेक किंवा फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या मालपेटीत मागच्या आसावर जोडल्या जाणाऱ्या, ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १५ ते २५ टक्के भार ट्रकच्या मागच्या आसावर येतो, तर मागील हुकाला जोडलेल्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के. ८,००० किलोंच्या गूजनेकचा पाचवा हिस्सा धरला तरी १,६०० किलो थेट ट्रकवर बसतात, आणि त्यात माणसे, हत्यारे व जोडणीचे वजन मिळवावे लागते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लेबलावर त्या विशिष्ट गाडीची भारक्षमता छापलेली असते. ‘तीन-चतुर्थांश टन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिझेल पिकअपमध्ये ती बऱ्याचदा १,००० किलोंच्या आसपासच भरते, कारण डिझेल इंजिन स्वतःच वजनदार असते. अशा ट्रेलरसाठी मागे चार चाके असलेल्या ट्रककडे वळावे लागते, मग इंजिन कोणतेही असो. लेबल न पाहता केलेली पुढची सगळी तुलना व्यर्थ जाते.

त्यानंतर शक्तीचा हिशेब करावा. ट्रक आणि ट्रेलर मिळून १२,००० किलो वजन आहे असे धरू. ७ टक्के चढावर गुरुत्वाकर्षण त्यांना सुमारे ८,२०० न्यूटन बलाने मागे ओढते. ताशी ८० किलोमीटर वेग राखायचा असेल तर केवळ या ओढीवर मात करण्यासाठी १८३ किलोवॉट, म्हणजे जवळपास २४५ अश्वशक्ती लागते. टायरांचे घर्षण आणि उंच ट्रेलरला होणारा वाऱ्याचा विरोध मिळवला की गरज तीनशेच्या पुढे जाते, आणि गिअरबॉक्स व आसांमधील घट वेगळीच. म्हणून तीन प्रमुख इंजिनांचे आकडे असे वाचावेत : फोर्डच्या ६.७ लिटर पॉवरस्ट्रोकची अधिक क्षमतेची आवृत्ती ५०० अश्वशक्ती आणि १,२०० पाउंड-फूट टॉर्क देते. जनरल मोटर्सचे २०२४ पासूनचे ६.६ लिटर ड्युरामॅक्स ४७० आणि ९७५. तर रॅमचे २०२५ चे ६.७ लिटर, सहा सिलिंडरांचे कमिन्स ४३० आणि १,०७५. टॉर्कच्या रांगेत ड्युरामॅक्स शेवटचे आहे, शक्तीच्या रांगेत कमिन्स. दीर्घ चढावर, पुरेसे गिअर उपलब्ध असतील तर, दुसरी रांग अधिक खरी ठरते, कारण गिअर टॉर्क वाढवू शकतो, शक्ती वाढवू शकत नाही. हेच ड्युरामॅक्स मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर कमाल टॉर्क देताना सुमारे ३०० अश्वशक्तीच देते आणि ४७० चा आकडा २,८०० फेऱ्यांवर गाठते. गिअरबॉक्स खालचा गिअर धरून इंजिनाला चढावर तिथे टिकवतो का, की दोन गिअरांमध्ये सतत घुटमळतो, हे चाचणीत लक्षपूर्वक पाहावे. अधिक वजन नेणाऱ्यांनी मागच्या आसाचे गुणोत्तरही (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते) विचारून घ्यावे, ३.४२ ऐवजी ४.१० असेल तर चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघताना फार मदत होते.

कंपन्यांनी जाहीर केलेली ओढक्षमता एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे२८०७ या मानकानुसार मोजलेली असली, तर तिचा अर्थ समजून घ्यावा. या मानकातील प्रसिद्ध चाचणी ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढावर होते : सुमारे ११.४ मैल, किमान १०० अंश फॅरेनहाइट तापमान, वातानुकूलन पूर्ण चालू, आणि किमान वेग ताशी ४० मैल. मागे चार चाके असतील तर ३५. म्हणजे दोन ट्रक उत्तीर्ण झाले, तरी एक जेमतेम झालेला असू शकतो. शिवाय ती चढण आयझेनहॉवर बोगद्याच्या उंचीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. बोगद्याजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोमुळे त्याची शक्ती बऱ्याच अंशी टिकते, पण विरळ हवा रेडिएटरमधील उष्णताही कमी वाहून नेते. त्यामुळे चाचणीत वेगाबरोबरच शीतकाच्या आणि गिअरबॉक्स तेलाच्या तापमानाच्या नोंदी ठेवाव्यात, आणि तापमान वाढल्यावर संगणक आपणहून शक्ती कमी करतो का हे तपासावे.

उताराची चाचणी मात्र कोणीही टाळू नये. तेच १२,००० किलो ७ टक्के उतारावर ताशी ६५ किलोमीटर वेगाने स्थिर ठेवायचे, तर टायरांचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध वजा जाताही ढोबळमानाने १५० अश्वशक्तीइतकी ऊर्जा सतत कुठेतरी जिरवावी लागते. ती चाकांच्या ब्रेकमध्ये जिरवली, तर ब्रेक तापून निकामी होतात. बोगद्याच्या पश्चिमेकडील उतारावर बेलगाम झालेल्या ट्रकांसाठी वेगळे थांबामार्ग बांधलेले आहेत. वरील तिन्ही इंजिनांमध्ये टर्बोची पाती मिटवून, धुराची वाट अडवून गाडीला रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो, आणि फेऱ्या जास्त असतील तेव्हा तो अधिक जोर लावतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच तो चालू करून खालचा गिअर घ्यावा, आणि पायथ्यापर्यंत ब्रेकच्या पायटीवर किती वेळा पाय ठेवावा लागला हे सोबत्याकडून मोजून घ्यावे. एकाच ट्रेलरसह, एकाच दिवशी, तुलनेतील दोन्ही ट्रकांनी ही मोजणी करावी. माझ्या मते विक्रेत्याच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ही संख्या महत्त्वाची आहे. तसेच ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकांचा नियंत्रक सपाटीवरच तपासून घ्यावा, आणि माथ्यावर लगेच थांबायचे असेल तर टर्बो थंड होण्यासाठी इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवून मगच बंद करावे.