गव्हाचं पहिलं पाणी: आधी ड्रम लावा, मग मोटर

इंदूरजवळ सांवेरकडे आमचा गहू अठरा दिवसांचा झालाय, म्हणजे पहिलं पाणी आलंच डोक्यावर. २०-२१ दिवसांनी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटतात, तेव्हाचं पाणी चुकलं की फुटवे कमी, हे काही कोणाला नव्याने सांगायला नको. पण दादा, किती पाणी दिलं असं विचारा, इंदूरच्या आजूबाजूला आपले निम्मे लोक सांगतील "रात्रभर मोटर सोडली होती". अहो पण रात्रभर म्हणजे किती लिटर? तुमचा बोर वेगळा, माझा वेगळा, आणि लाईट मधे किती वेळा गेली ते झोपलेल्या माणसाला काय कळणार!

हिशोब एवढाच आहे, सेकंदाला किती लिटर पडतं गुणिले किती सेकंद मोटर चालली. भानगड आहे ती पहिला आकडा काढण्यात.

२० लिटरची बादली लावू नका, जाड पाईपखाली ती चार सेकंदात भरते आणि घड्याळ दाबायला अर्धा सेकंद जरी उशीर झाला तरी बारा टक्के फरक पडतो. २०० लिटरचा निळा ड्रम घ्या. आता तो काठोकाठ भरला की २०० च्या वर जातो, म्हणून आधी मोजक्या बादलीने २०० लिटर ओतून आतून पेंटची रेघ मारून ठेवा. मी पहिल्या वर्षी रेघ न मारता काठापर्यंत भरून मोजलं आणि मग सबंध सीझन पाणी कमी दिसत होतं म्हणून बोरवाल्याला दोष देत बसलो.

मोटर लावल्या लावल्या मोजू नका. सुरुवातीला बोरमधे पाणी वर असतं, धार जोरात येते, मग पातळी खाली बसते. वीस मिनिटं जाऊ द्या. आणि माप शेताच्या टोकाला घ्या, बोरपाशी एकदा घ्या, दोन्हीत फरक आला तर पाईपचे जोड गळतायत का ते बघा. तीनदा मोजून सरासरी.

आमच्याकडे टोकाला ड्रम ४० सेकंदात भरतो, म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर. (इथे बरेच जण ५ ला ६० ने गुणून थांबतात, ते मिनिटाचं झालं, तासासाठी ३,६०० ने गुणा.) एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. ६० मिलिमीटर द्यायचं तर जवळपास २ लाख ४३ हजार लिटर, म्हणजे साडेतेरा तास मोटर. आपण सहा तासात "झालं पाणी" म्हणतो ना, तेव्हा २७ मिलिमीटरही पडलेलं नसतं. आणि काळ्या जमिनीला भेगा असतील तर आधी त्याच पिणार, म्हणून पहिल्या पाण्याला थोडं जास्त धरा, पण क्यारी तुडुंब करून ठेवू नका, गहू पिवळा पडतो.

स्टार्टरच्या डब्यावर खडूने किती तास चालवायची तो आकडा आणि चालू-बंदची वेळ लिहा. लाईट मधे गेली तर तो वेळ वजा. पाण्याचं मीटर लावणं परवडत असेल तर उत्तमच.

लसणाला ठिबक असेल तर गणित तेच, फक्त ड्रिपरची संख्या गुणिले ड्रिपरचे तासाचे लिटर. ८,००० ड्रिपर ४ लिटरचे असले तर तासाला ३२,००० लिटर लागतात, आमच्या बोरला एका दमात ते जमत नाही, दोन भाग करून चालवावं लागतं.

फेब्रुवारीत ड्रम परत लावा. बोरची पातळी उतरली की तोच ड्रम ५० सेकंद घेतो, मग त्याच एकराला साडेतेरा नाही, सतरा तास लागतात. डब्यावरचा जुना आकडा पुसून नवा लिहा, नाहीतर घरातलं दुसरं कोणी जुन्याच हिशोबाने मोटर बंद करून येतं.