माणूस खेळायचा असेल तर आधी त्याची तालीम ठरवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे फासे टाकत आपापलं पात्र रंगवायचा कल्पनेतला खेळ. त्यासाठी आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जमतो. नवा खेळाडू आला की पात्रासाठी हटकून टोकदार कानांचा एल्फ नाहीतर बुटका ड्वार्फ उचलतो. माणूस म्हणजे अळणी, असा समज. मला ते अजिबात पटत नाही. 2024 च्या नियमांत माणसाला एक जादा कौशल्य आणि एक ओरिजिन फीट, म्हणजे सुरुवातीलाच निवडायची खास क्षमता, मिळतो, शिवाय प्रत्येक पूर्ण विश्रांतीनंतर हिरोइक इन्स्पिरेशन, म्हणजे पडलेला एक फासा पुन्हा टाकायची मुभा.

फक्त फीटच्या यादीपासून सुरुवात करू नका. एल्फची ओळख कानांवरून पटते, माणसाला गाव द्यावं लागतं. त्याची पेठ कुठली, धंदा काय, वस्ताद कोण, हे आधी लिहून काढा. मागच्या मोहिमेत माझा फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, तालमीतला गडी होता. कमरेच्या पिशवीत हौद्यातली तांबडी माती. ताक, हळद, लिंबू घालून मळलेली. भिडायच्या आधी चिमूटभर तळहातांवर चोळायची. एवढं ठरल्यावर फीट शोधावा लागलाच नाही: टॅव्हर्न ब्रॉलर. हल्ल्यात ठोसा लागला की आपल्या पाळीत एकदा समोरच्याला 5 फूट मागं रेटता येतं. जादा कौशल्यात मी वैद्यकी घेतली, कारण वस्ताद निखळलेला खांदाही बसवायचा.

आणि हो, माणसाला अंधारात दिसत नाही. मशाल घ्याच. तिचा लख्ख उजेड 20 फूट पडतो, पुढचे 20 फूट अंधूक. पैलवानाचे दोन्ही हात मोकळे हवेत, तेव्हा ती सोबत्याच्या हाती द्या.